वाचकांचे प्रश्न : रायफलच्या दस्त्यावरील गालाचा टेकू

रायफल नेमबाजीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहे. रेंजवर ज्याला सगळे ‘चीकपीस’ म्हणतात, त्यासाठी या उत्तरांत मी ‘गालाचा टेकू’ किंवा नुसता ‘टेकू’ हा शब्द वापरला आहे. नेम धरताना दस्त्याच्या ज्या भागावर गाल टेकतो तो हा भाग. तो पुरेसा उंच नसेल, चेहऱ्याला नीट बसत नसेल किंवा त्रास देत असेल तर काय करावे, हा या पत्रांचा गाभा आहे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. गेले आठ महिने ती दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. क्लबची रायफल जुनी असून तिच्या लाकडी दस्त्यावर टेकू वरखाली करण्याची सोय नाही. गाल टेकवला की तिचा डोळा डायऑप्टरच्या, म्हणजे मागच्या नेमसाधनाच्या, छिद्राखाली राहतो, म्हणून ती गाल उचलून जबड्याची कड टेकवते. पहिले वीस-पंचवीस नेम उत्तम लागतात, पुढे घसरण सुरू होते आणि घरी आल्यावर मान दुखते. टॉवेलची घडी बांधून पाहिली, पण ती सरकते. वरखाली होणाऱ्या दस्त्याची रायफल घेणे आम्हांला सध्या परवडणारे नाही. असा टेकू घरी करता येईल का? – एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नक्की करता येईल, आणि तो चांगलाही होईल. त्याआधी एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगा की, ही घसरण तिच्या एकाग्रतेतील उणीव नाही. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. गालाच्या हाडाखाली ठाम आधार असला तर त्यातील काही भार दस्ता घेतो. आधार नसला तर तो सगळा भार मानेचे स्नायू, तेही वाकड्या अवस्थेत, पेलत राहतात. स्पर्धेत पंधरा मिनिटांची तयारी आणि त्यानंतर पंचाहत्तर मिनिटांत साठ नेम, असा जवळजवळ दीड तासाचा हा प्रकार आहे. पंचविसाव्या नेमापर्यंत मान थकली तर उरलेल्या पस्तीस नेमांना डोळा जागेवर कसा राहणार?

डोळा जागेवर राहण्याला इतके महत्त्व का, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. दहा मीटरच्या लक्ष्याचे सगळ्यांत बाहेरचे वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे, आणि मधला दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एका कड्यापासून पुढच्या कड्यापर्यंत अडीच मिलिमीटर अंतर असते. आपल्या मुलीच्या रायफलवर मागचे डायऑप्टर आणि नळीच्या टोकावरच्या नेमसाधनातील रिंग यांच्यात ऐंशी सेंटीमीटर अंतर आहे असे धरू. दहा मीटर हे त्याच्या साडेबारा पट झाले. म्हणजे रिंग छिद्राच्या मध्यापासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाने बाजूला राहिली, तरी छर्रा लक्ष्यावर सव्वा मिलिमीटरने, अर्थात अर्ध्या कड्याने सरकतो. आता गुण दशांशात मोजले जात असल्यामुळे अर्धे कडे म्हणजे अर्धा गुण, आणि अशा अर्ध्या-अर्ध्या गुणांनीच स्पर्धेतील क्रम ठरतो. डोळा दर वेळी त्याच ठिकाणी आला की रिंग आपोआप छिद्राच्या मध्यावर दिसते आणि नेमबाजाला ती शोधावी लागत नाही. टेकूचे काम एवढेच आहे.

आता कृतीकडे वळू. रायफल क्लबची आहे, म्हणून आधी प्रशिक्षकांची परवानगी घ्या आणि तिच्या दस्त्याला भोक पाडायचे नाही, त्यावर काहीही चिकटवायचे नाही, हे मनाशी पक्के करा. टेकू बांधता आणि सोडता येईल असाच असावा. माप घेण्याचे काम रेंजवरच, प्रशिक्षकांसमोर करावे. रायफल रिकामी आहे हे दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे, छर्रा भरण्याची जागा उघडणारा तिचा खटका उघडा ठेवून त्यात सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची रंगीत खूण, घालावा आणि नळी लक्ष्याच्या दिशेनेच राहू द्यावी. मुलीचा डोळा छिद्रामागे नीट आला की नाही हे पाहण्यासाठी कोणीही नळीसमोर जाऊ नये, आणि फोटोसाठीसुद्धा हात पुढे करू नये. रिकाम्या रायफलच्या बाबतीतही या नियमाला अपवाद नाही. फोटो घ्यायचाच असेल तर डाव्या बाजूने, गालाच्या उंचीवरून घ्या. मान किती वाकते आहे हे त्यातून चांगले कळते.

माप घेण्यासाठी घरातला पत्त्यांचा जोड सोबत न्या. मुलीने आपल्या नेहमीच्या पोझिशनमध्ये उभे राहावे, डोळे मिटावेत, डोके नैसर्गिकपणे सरळ ठेवून रायफल गालाला लावावी, आणि मान सैल पडल्यावर डोळे उघडावेत. पहिल्या क्षणी जे दिसते तेच खरे. त्यानंतर डोळा आपसूक सावरून घेतो आणि माप चुकते. आपण लिहिल्याप्रमाणे आता तिला रिंग छिद्राच्या खालच्या बाजूला सरकलेली दिसेल किंवा दिसणारच नाही. मग दस्ता आणि गाल यांच्यामध्ये दहा पत्ते ठेवून पुन्हा तसेच करावे. दहा पत्त्यांची जाडी सुमारे तीन मिलिमीटर भरते. पत्ते वाढवत जाता एका टप्प्यावर डोळे उघडताच रिंग बरोबर मध्यावर दिसेल. तो आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, शक्यतो वेगळ्या वेळी, तेच माप पुन्हा घ्या. ताजेतवाने असताना घेतलेल्या मापात आणि तासभराच्या सरावानंतर घेतलेल्या मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. माझ्या मते अशा वेळी सरावानंतरचे माप धरावे, कारण थकलेल्या मानेलाच टेकूची अधिक गरज असते.

माप मिळाले म्हणजे लगेच चामडे कापायला बसू नका. वहीच्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तेवढ्या उंचीचा कच्चा टेकू करा, दस्त्यावर आधी सुती कापड गुंडाळा, म्हणजे चिकटपट्टीचा डिंक लाकडाला लागणार नाही, आणि वरून कापडी चिकटपट्टीने तो बांधा. आठवडाभर त्यावर सराव होऊ द्या. या आठवड्यात पट्ट्या काढाव्या-घालाव्या लागतील आणि उंची एक-दोन मिलिमीटरने बदलेल. ते सगळे याच टप्प्यावर होऊन जाणे चांगले.

टेकू मऊ असावा असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते, आणि घरी केलेले बहुतेक टेकू तिथेच फसतात. माझा पहिला टेकू स्पंजचा होता. डिसेंबरच्या थंडीत तो बांधला तेव्हा उंची अगदी अचूक वाटली, पण मे महिन्यात इंदूरचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आणि तोच स्पंज गालाखाली पार चेपू लागला. मी मात्र कित्येक दिवस डायऑप्टरचे स्क्रू फिरवत राहिलो आणि दोष कशात आहे हे माझ्या लक्षातच आले नाही. मऊ वस्तू दाबाप्रमाणे चेपते, दाब दर वेळी सारखा नसतो, आणि म्हणून डोळ्याची उंचीही सारखी राहत नाही. आपल्या टॉवेलची घडी सरकली नसती तरी याच कारणाने ती निरुपयोगी ठरली असती. टेकू टणक हवा; गालाला बोचू नये एवढ्यापुरता वरचा एक पातळ थर मऊसर चालेल.

त्यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे चपलांच्या तळव्यासाठी वापरतात ती टणक ईव्हीए शीट. चपला-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात ती तीन मिलिमीटर जाडीची मागा आणि अंगठ्याने दाबून पाहा. खड्डा पडून राहिला तर ती नको. योगासनांची चटई दिसायला तशीच असली तरी फार मऊ असते. शीटच्या साधारण पंधरा-सोळा सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्या कापून, रबरी गोंदाने, म्हणजे फेविकॉल एसआरसारख्या चिकटद्रव्याने, एकमेकींवर बसवाव्यात. हा गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, मगच जोडायचा असतो. त्याचा वास उग्र असतो, त्यामुळे हे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी करा. मापापेक्षा एक पट्टी कमी जोडा. ती शेवटची तीन मिलिमीटरची उंची सुट्या, न चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांनी भरून काढायची आहे. मुलगी नववीत आहे, अजून तिची उंची वाढेल, चेहरा बदलेल. दर सहा महिन्यांनी माप तपासून एखादी पट्टी काढता किंवा घालता आली म्हणजे सगळा टेकू नव्याने करावा लागणार नाही.

गोंद पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने आकार द्या. इथे हात सावकाश चालवा, कारण अर्ध्या कामाची गुणवत्ता याच घासण्यात आहे. जुन्या दस्त्यांची वरची कड बहुधा मागच्या बाजूला उतरती असते; त्या उतारावर डोके जरा मागे सरकले की डोळा खाली जातो आणि पुढे सरकले की वर येतो. टेकूचा माथा मात्र नळीला समांतर ठेवावा, म्हणजे डोके एखादा सेंटीमीटर पुढेमागे झाले तरी उंची कायम राहते. त्यासाठी मागच्या बाजूचे थर पुढच्यापेक्षा जाड ठेवावे लागतील. पुढचे टोक गोलसर घासून निमुळते करा, डाव्या बाजूची कड गालाच्या हाडाला लागेल तिथे हलकी गोल करा, पण गालाचा ठसा घेतल्यासारखी खोबण करू नका. तशी खोबण हाताला छान लागते खरी; मात्र चेहरा तिच्यात शिरताना किंचित तिरका झाला तर ती त्याला चुकीच्याच जागी घट्ट धरून ठेवते.

आता आवरण. यासाठी पातळ बकऱ्याचे चामडे उत्तम, आणि इंदूरकरांना ते शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या शहराच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते घोडे आणि हत्ती करणारे कारागीर सांगाड्यावर पातळ चामडे ज्या सफाईने ताणून बसवतात, तीच सफाई या टेकूला हवी असते. अशा एखाद्या कारागिराला कच्चा टेकू दाखवून काम सांगितले तर तो ते तासाभरात करून देईल, आणि मुलीला सोबत नेले तर तिलाही चार गोष्टी पाहायला मिळतील. स्वतः करायचे असल्यास आरीने भोके पाडून मेणलेल्या दोऱ्याने शिवता येते. आवरणाला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे रुंदीचे जाड कॅनव्हासचे पल्ले जोडा, त्यांच्या कडांना आयलेट, म्हणजे नाडी ओवण्याच्या धातूच्या कड्या, ठोकून घ्या आणि दस्त्याच्या खालच्या बाजूने बुटाच्या नाडीने ते आवळून बांधा. इलॅस्टिक वापरू नका, ते ताणले जाते आणि टेकू हळूहळू गालाबरोबर फिरू लागतो. व्हेल्क्रो चालेल, पण पट्टी निदान पाच सेंटीमीटर रुंद हवी. पल्ल्यांच्या आतल्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की लाकडावर पकड येते आणि टॉवेल सरकण्याची आपली तक्रार राहणार नाही. रबर लाकडाच्या पॉलिशला कायमचे लागून राहू नये म्हणून सराव संपल्यावर टेकू सोडून ठेवण्याची सवय मुलीला लावा.

स्पर्धेत उतरायचे असेल तर आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. एअर रायफलचे वजन नेमसाधनांसह साडेपाच किलोंपेक्षा जास्त असता कामा नये. आपला टेकू शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत राहील, पण रायफल आधीच काठावर असेल तर तेवढेही महत्त्वाचे ठरते. दुसरे असे की, दस्त्याची मापे आणि त्यावर लावलेले साहित्य यांना नियम आहेत आणि स्पर्धेपूर्वी साहित्याची तपासणी होते. टेकू तयार झाला की तो प्रशिक्षकांकडून त्या नियमांनुसार पाहून घ्या, स्पर्धेच्या सकाळी नव्हे तर महिनाभर आधी. नव्या टेकूवर पहिल्या दिवशी छर्रे वेगळ्या जागी लागतील, त्याने मुलीने गोंधळून जाऊ नये. डोळ्याची जागा बदलली म्हणजे डायऑप्टर पुन्हा जुळवावे लागतेच. पहिले दोन-तीन दिवस गुण न मोजता फक्त ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, किती आवळला जातो ते पाहावे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून शेतावरच्या गोदामात स्प्रिंगच्या एअर रायफलने पंचवीस मीटरवर कागदी लक्ष्यावर सराव करतो. अलीकडे तिच्यावर तीन ते नऊ पटींची, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बसवली. तेव्हापासून हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो आणि छर्रे विखुरतात. दस्त्यावर सागवानाचा ठोकळा स्क्रूने बसवावा असे मनात आहे. – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ठोकळ्याची कल्पना चांगली आहे, स्क्रूची नाही. आपला दस्ता उघड्या नेमसाधनांसाठी घडवलेला आहे. ती साधने नळीच्या अगदी लगत असतात. दुर्बिणीचा मध्य मात्र नळीच्या मध्यापासून चार-साडेचार सेंटीमीटर वर जातो. त्यामुळे गालाला दोन-अडीच सेंटीमीटर उंची कमी पडते आणि आपण ती हनुवटीने भरून काढता. हनुवटी हा हलता आधार आहे. दात आवळले, सैल सोडले, आवंढा गिळला तरी डोळा हलतो.

छर्रे विखुरण्याचे कारण बहुधा पॅरॅलॅक्स हे असावे. बऱ्याच दुर्बिणी शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे एक्याण्णव मीटरवर पॅरॅलॅक्समुक्त केलेल्या असतात. अशा दुर्बिणीतून जवळचे लक्ष्य पाहिले तर डोळा मध्यापासून सरकताच दुर्बिणीतली नेमाची फुली लक्ष्यावर सरकलेली दिसते, यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. चाळीस मिलिमीटरच्या भिंगासाठी हिशेब केला, तर डोळा अगदी कडेला गेल्यास ही चूक पंचवीस मीटरवर जास्तीत जास्त साडेचौदा मिलिमीटर आणि दहा मीटरवर अठरा मिलिमीटरपर्यंत जाते. आपल्या दुर्बिणीला अंतर जुळवण्याची कडी असेल तर ती आधी पंचवीस मीटरवर आणा, आणि नसेल तर टेकू हाच उपाय आहे. डोळा मध्यावर राहिला की ही चूक उरत नाही. चित्राच्या कडेला काळी कोर दिसली, तर डोळा मध्यावर नाही किंवा योग्य अंतरावर नाही असे समजावे.

स्क्रू नको म्हणण्याचे कारण स्प्रिंगच्या रायफलचा स्वभाव. तिच्यात चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे धावतो, रायफल आधी मागे सरकते आणि दट्ट्या पुढे जाऊन थांबताच ती पुढे झटका देते. या दुहेरी धक्क्याने लाकडातले छोटे स्क्रू सैल होतात आणि भोकांपासून दस्त्याला चीर जाऊ शकते. त्यापेक्षा सांडपाण्यासाठी वापरतात त्या एकशे दहा मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचे कवच करा. सियागंजात किंवा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात असा तुकडा मिळतो. अठरा-वीस सेंटीमीटर लांबीचा तुकडा उभा चिरून त्याची उलटी पन्हळ करा आणि रुंद पातेल्यात उकळत्या पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवा. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे उकळते पाणी पुरते. गॅसच्या ज्योतीवर ते कधीही धरू नका. जळलेल्या पीव्हीसीतून आम्लाचा विषारी वायू निघतो. मऊ झालेले कवच हातमोजे घालून दस्त्याच्याच मापाच्या एखाद्या लाकडी तुकड्यावर, कापडाची घडी ठेवून दाबा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. प्रत्यक्ष रायफलवर गरम कवच ठेवले तर पॉलिश उचलले जाते. कवच आणि दस्ता यांच्यामधल्या पोकळीत आपला सागवानाचा ठोकळा, तळाशी रबराची पट्टी लावून, घट्ट बसवा. कवचाच्या खालच्या कडांना भोके पाडून ते नाडीने आवळा. ठोकळ्याची उंची ठरवण्यासाठी वरच्या उत्तरातील पत्त्यांची रीत वापरावी, पण इथे पत्त्यांऐवजी पुठ्ठे लागतील.

टेकू झाल्यावर गाल त्यावर दाबू नका, नुसता विसावू द्या. स्प्रिंगच्या रायफलला धक्क्याच्या वेळी मोकळेपणाने हलू द्यावे लागते. गालाचा दाब कमीजास्त झाला की छर्रा वेगळीकडे जातो, आणि उंच टेकू मिळाल्याच्या आनंदात पुष्कळ जण हीच चूक करतात.

प्रश्न : क्लबमध्ये मी पॉइंट टू टू (.22 बोअरच्या, गोळीच्या) रायफलवर पन्नास मीटर थ्री पोझिशन खेळतो. उंची बरोबर आहे, तरी रिंग नेहमी छिद्राच्या डावीकडे दिसते. टेकूची उंची आणखी वाढवावी का? – एक नेमबाज, महू

उत्तर : उंची वाढवू नका, दोष आडव्या दिशेचा आहे. एक साधा नियम लक्षात ठेवा : रिंग छिद्रात ज्या बाजूला सरकलेली दिसते, त्याच बाजूला डोळाही सरकलेला असतो. रिंग खाली दिसली तर डोळा खाली आहे, डावीकडे दिसली तर डोळा डावीकडे आहे. आपण उजव्या खांद्यावरून नेम धरत असाल, तर टेकूची डावी बाजू आपल्या चेहऱ्याच्या मानाने जाड आहे आणि ती डोळ्याला बाहेर ढकलते. त्या बाजूचा थर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने घासून कमी करा आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून तपासा. चेहरा रुंद असलेल्यांना हा त्रास हटकून होतो. उलट रिंग उजवीकडे दिसू लागली तर घासणे जरा जास्त झाले असे समजून पातळ चामड्याची पट्टी लावावी.

आपल्या प्रकारात नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन (पालथे पडून) आणि स्टँडिंग (उभे राहून) अशा तीन अवस्थांत वीस-वीस नेम असतात आणि प्रत्येक अवस्थेत डोक्याचा कल निराळा असतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी याच प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हेही याच प्रकारातले. या पातळीवरील नेमबाज अवस्था बदलताना टेकूची उंचीही बदलतात. घरी केलेल्या टेकूत ती सोय सुट्या पट्ट्यांनी करता येते. प्रत्येक अवस्थेसाठी वेगळ्या रंगाची पट्टी ठेवली आणि तिच्यावर माप लिहिले म्हणजे घाईत चूक होत नाही.

महत्त्वाची सूचना बोल्टविषयी, म्हणजे गोळी भरण्यासाठी मागेपुढे होणाऱ्या दांड्याविषयी, आहे. पॉइंट टू टूचा बोल्ट मागे ओढला जातो आणि सफाईच्या वेळी मागूनच पूर्ण बाहेर काढावा लागतो. टेकूचे पुढचे टोक त्याच्या वाटेत येता कामा नये. बोल्ट पूर्ण उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करता येत नसेल, तर तो टेकू कितीही सोयीचा असला तरी वापरू नये. ही रायफल परवान्याखालची आहे, म्हणून दस्त्यावर बांधून काढता येणाऱ्या टेकूपलीकडचे कोणतेही काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. आपण महूत राहता. इन्फन्ट्री स्कूलमधील आर्मी मार्क्समनशिप युनिटमुळे तिथे अनुभवी नेमबाज भेटण्याचा संभव इतर कोणत्याही गावापेक्षा अधिक आहे. त्यांपैकी कोणी आपला टेकू पाहण्यास तयार झाले तर ती संधी दवडू नका.

प्रश्न : चामड्याचा टेकू केल्यापासून माझ्या मुलाच्या गालावर लालसर पुरळ येते आणि पावसाळ्यात चामड्याला बुरशीही धरली. चामडे काढून टाकावे का? – एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी पुरळ डॉक्टरांना दाखवा. क्रोम वापरून कमावलेल्या चामड्याची काहींच्या त्वचेला ॲलर्जी असते; तसे निघाले तर झाडांच्या सालींपासून कमावलेले चामडे घ्यावे, किंवा चामड्यावर धुता येईल असे पातळ सुती आवरण शिवावे. ते ताणून बसवा, सुरकुती राहिली तर ती गालाखाली जाणवते आणि डोळ्याची जागाही बदलते. अशी दोन-तीन आवरणे करून ठेवली की रोज धुतलेले वापरता येईल.

बुरशी कोरड्या फडक्याने पुसून, चामडे सावलीत वाऱ्यावर वाळवावे. उन्हात ठेवू नये, ते आखडते आणि शिवण उसवते. खोबरेल तेल चोळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील, पण त्याने चामडे निसरडे होते आणि गाल जागेवर ठरत नाही. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत टेकू रायफलवर बांधून पेटीत बंद करू नका. घामाचा ओलावा चामड्याखाली अडकतो, लाकूड डागाळते आणि जवळच्या लोखंडाला गंज धरतो. सराव झाला की टेकू सोडा, पुसा आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून वेगळा ठेवा. बांधताना तो रोज त्याच जागी यावा म्हणून दस्त्यावर पेन्सिलीची बारीक खूण पुरेशी आहे.